शिवराई गाजरासारखी दिसू नये म्हणून: नाण्यांच्या फोटोसाठी दिवा निवडताना

फोटोत नाण्याचा रंग बिघडला की लोक आधी कॅमेऱ्याला नावं ठेवतात, मग बल्बला. माझ्या मते पहिला आरोपी खोली. वर ट्यूब चालू, बाजूला टेबललॅम्प, खिडकीचा पडदा अर्धा सरकवलेला आणि भिंतींना पिस्ता रंग. एवढ्या सगळ्यांचा उजेड एकाच रुपयावर पडतो, मग कॅमेऱ्याने पांढरं म्हणून धरायचं तरी कशाला? तो काहीतरी मधलं काढतो. नाण्याची एक कड निळसर येते, दुसरी पिवळसर, आणि कॉम्प्युटरवर दुरुस्त करायला बसलात की एक बाजू सुधारते तशी दुसरी बिघडते. म्हणून दिवा कोणता घ्यावा याच्या आधी एक अट: फोटो काढताना खोलीत एकाच जातीचा उजेड हवा. बाकी सगळं बंद. खिडकी हाही एक दिवाच आहे, तोही बंद.

माझी नोकरी छपाईत गेली, ऑफसेटच्या कलर करेक्शनमध्ये. प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, तपासायला वेगळी खोली होती. मॅट राखाडी भिंती, डोक्यावर ५००० केल्विनचे दिवे (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप: आकडा कमी तर पिवळसर, जास्त तर निळसर), खिडकीच नाही. छपाईच्या जगात रंग कोणत्या उजेडात पाहायचा हे ठरलेलं आहे. आयएसओ ३६६४ मानकात त्याला डी-५० म्हणतात, आणि बारकाईने तुलना करायची तर टेबलावर २००० लक्स (लक्स म्हणजे जागेवर किती उजेड पडतो याचं माप) उजेड लागतो. भडक साडी नेसून आलेल्या बाईला आमचे साहेब टेबलापासून दोन पावलं मागे उभं करत. तेव्हा आम्हाला तो अतिरेक वाटायचा. आता धाकट्या दिरांची आणि त्यांच्या संग्राहक मित्रांची नाणी माझ्याकडे फोटोला येतात, आणि मी स्वतः काळा किंवा राखाडी कुर्ता घालून बसते. नाण्याच्या बाबतीत साडीचा नियम कागदापेक्षा कितीतरी जास्त लागू पडतो.

नाण्याला समोर काय दिसतं?

कागद त्याच्यावर पडलेला उजेड सगळीकडे विखरून टाकतो. धातू तसं करत नाही. तो उजेड ठरलेल्या कोनात परत पाठवतो आणि परत पाठवताना त्यावर स्वतःचा रंग चढवतो. तांबं निळा आणि हिरवा भाग बराचसा गिळतं, आणि साधारण ५८० नॅनोमीटरच्या (उजेडाच्या लहरीची लांबी, तिच्यावर रंग ठरतो) पुढचा नारिंगी-लाल भाग परत करतं. चांदी जवळजवळ सगळंच परत करते, जांभळ्याकडे जरा कमी, म्हणून ती किंचित उबदार दिसते. तेव्हा धातूचा खरा रंग फोटोत यायचा तर नाण्याच्या समोर काहीतरी उजळ आणि पांढरं असलं पाहिजे आणि त्याचं प्रतिबिंब लेन्समध्ये आलं पाहिजे. समोर अंधार असेल तर नाणं काळं येतं. समोर पिस्ता भिंत असेल तर चांदीचा रुपया पिस्ता येतो, आणि तुम्ही दिवा बदलत बसता.

घरात दहाचं नाणं असेलच. कडं पिवळं, मधला भाग पांढरा. एकाच दिव्याखाली ते टेबलावर ठेवा आणि वरून पाहता पाहता त्याच्या बाजूला लाल प्लास्टिकचं झाकण उभं धरा. झाकण जवळ आणलं की मधल्या पांढऱ्या भागात गुलाबी झाक शिरते. झाकण काढून तिथे पांढरा कागद धरा, तोच भाग उजळतो आणि शांत होतो. दिवा तोच, जागा तीच. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मेजावरचा रंगीत टेबलक्लॉथ आपोआप निघतो.

लाल मखमलीचंही यातच येतं. आपल्याकडे नाणं म्हटलं की लाल मखमल, जणू नाण्याचं लग्नच लागायचं आहे. फोटोसाठी ती हटवा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात चित्रकलेच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात राखाडी माउंटबोर्ड मिळतो, तो पुरे. पूर्ण काळं किंवा पूर्ण पांढरंही चालतं, पण राखाडीवर डोळा फसत नाही.

आता दिवा

बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा मोठ्या अक्षरात असतो, आणि तोच कमी महत्त्वाचा आहे. ४००० असो की ५०००, कॅमेऱ्याला पांढरं काय ते नीट दाखवून दिलं की तो सांभाळून घेतो. सांभाळून घेता येत नाही ते वेगळंच. दिव्याच्या उजेडात जो रंग मुळातच नाही तो नाण्यावरून परत येत नाही, आणि जो परत आला नाही तो कॉम्प्युटरवर कितीही ओढाताण केली तरी उगवत नाही.

साधा पांढरा एलईडी आतून निळा असतो. ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड पिवळ्या फॉस्फरवर (उजेड पडला की स्वतः चमकणारा लेप) पडतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. पण निळा आणि हिरवा यांच्यामध्ये एक खड्डा राहतो, आणि स्वस्तातल्या बल्बात गडद लालही तुटपुंजा असतो. ही उणीव मोजायचं जुनं माप म्हणजे सीआरआय. १०० म्हणजे संदर्भ म्हणून धरलेल्या उजेडाशी तंतोतंत जुळणारा. साध्या घरगुती बल्बांचा ८० च्या आसपास असतो, आणि ८० हा आकडा ऐकायला बरा वाटतो.

इथे एक मेख आहे. खोक्यावरचा सीआरआय फक्त आठ नमुन्यांची सरासरी असतो, आणि ते आठही फिकट, मवाळ रंग आहेत. गडद लाल हा नववा नमुना, आर-९, या सरासरीत धरतच नाहीत. त्यामुळे सीआरआय ८० असलेल्या बल्बचा आर-९ शून्याच्या आसपास असू शकतो, कधी शून्याच्याही खाली. आणि तांब्याचा सगळा संसार लालच्या बाजूला आहे. शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं), ढब्बू पैसा, भोकाचा पैसा ही सगळी तांब्या-कांशाची मंडळी अशा बल्बखाली मेंगळटतात. जुन्या शिवराईवर अक्षरांच्या खोबणीत विटकरी लाल थर असतो, वर चॉकलेटी, एखाद्या कोपऱ्यात हिरवा डाग. खराब बल्बखाली विटकरी आणि चॉकलेटी एकमेकांत मिसळून एकच मातकट रंग होतो. संग्राहकाला तर नेमका तोच फरक पाहायचा असतो, कारण नाणं घासलंय की नाही हे त्यावरून कळतं.

म्हणून मागायचं काय, तर सीआरआय ९५ किंवा वर, आणि आर-९ दिलेला असेल तर ८० च्या वर. २०१५ मध्ये आलेली टीएम-३० नावाची नवी पद्धत आठाऐवजी ९९ नमुने धरते. तिचे आकडे कुठे छापलेले दिसले तर ती कंपनी रंगाबाबत गंभीर आहे असं समजायला हरकत नाही.

विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीत गेलात की पहिला प्रश्न येईल, "ताई, व्हाइट देऊ का वॉर्म?" तुम्ही "सीआरआय किती?" असं विचारायचं. काही जण नुसते बघत राहतील, काही "ए वन क्वालिटी आहे" म्हणतील, आणि एखादा आतून शोरूमच्या स्पॉटचं खोकं काढेल. त्या खोक्यावर ९३०, ९४० असा तीन आकडी कोड असला तर वाचता आला पाहिजे. पहिला आकडा सीआरआयचा: ९ म्हणजे नव्वदीतला, ८ म्हणजे ऐंशीतला. पुढचे दोन म्हणजे केल्विन, शंभरात: ४० म्हणजे ४०००. तेव्हा ८६५ लिहिलेलं दिसलं तर तो ऐंशीतला ६५०० केल्विनचा नेहमीचा पांढरा दिवा, आपल्या कामाचा नाही. ९४० किंवा ९५० घ्या.

एक सावधगिरी. "सराफाच्या दुकानातला लाइट आहे" हे प्रमाणपत्र धरू नका. लक्ष्मी रोडवर कुठल्याही पेढीत शिरा, सोन्याच्या काउंटरवर पिवळसर उजेड असतो आणि चांदी-हिऱ्यांवर थंड पांढरा. त्यांना माल खुलवायचा असतो. आपल्याला नाणं जसं आहे तसं हवंय.

दुकानात तपासायचं कसं? पर्समध्ये एक भोकाचा पैसा ठेवा. १९४३ ते १९४७ मध्ये निघालेला हा कांशाचा पैसा अजूनही सहज मिळतो. तो बल्बखाली धरा आणि शेजारी स्वतःचा तळहात. मग दोन्ही दाराबाहेर उजेडात नेऊन पाहा. बल्बखाली तळहात आजारी, करडा दिसला आणि बाहेर गुलाबी झाला, तर तो बल्ब परत खोक्यात. आणखी एक जुनी युक्ती सीडीची. बल्बचं प्रतिबिंब सीडीवर तिरकं पाडलं की इंद्रधनुष्य दिसतं. सीएफएलचं धनुष्य तुटक पट्ट्यांचं असतं, हिरवी पट्टी वेगळी, लाल वेगळी. चांगल्या एलईडीचं सलग असतं, निळ्या-हिरव्यामध्ये जरासं मळभ, आणि लाल टोक लांबवर जातं. हे मोजमाप नव्हे, पण टाकाऊ माल यात उघडा पडतो.

दोन किंवा तीन दिवे लागतील. ते एकाच कंपनीचे, एकाच कोडचे आणि एकाच वेळी घेतलेले हवेत. नंतर एक गेला म्हणून दुसऱ्या दुकानातून आणलेला चौथा त्यांच्याशी जुळेलच असं नाही.

हॅलोजनचं काय? रंगाच्या बाबतीत तो आजही उस्ताद आहे, सीआरआय शंभराला टेकतो आणि लाल भरपूर. पण निळा कमी, त्यामुळे फोटोतल्या निळ्या हिश्शात (त्याला चॅनेल म्हणतात) दाणे येतात, व्होल्टेज पडलं की उजेड आणखी तांबूस होतो, आणि मे महिन्यात ५० वॅटच्या दोन हॅलोजनांसमोर टेबलावर वाकून बसायची हौस मला नाही. फ्लॅशचा झेनॉन उजेडही रंगाला चांगला, साधारण ५५०० केल्विनचा. अडचण एवढीच की नाण्यावर उजेड कुठून कसा सरकतोय हे फोटो काढेपर्यंत दिसत नाही, आणि नाण्याच्या कामात तेच बघत बसावं लागतं.

खिडकीचा उजेड फुकट आहे, पण पुण्याच्या वेळापत्रकाने

उत्तरेच्या खिडकीचा उजेड उत्तम, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते युरोपातल्या लोकांनी युरोपासाठी लिहिलंय. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस इथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि त्या दोन तारखांच्या मधल्या काळात भर दुपारी तो आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे ज्या खिडकीवर भरवसा ठेवायचा तिथूनच ऊन आत येतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तरेची खिडकी खरोखर चांगली. तरी निरभ्र दिवशी तिच्यातून निळ्या आकाशाचा उजेड येतो, तो १०,००० केल्विनच्या घरात जातो, आणि समोरच्या वाड्याची किंवा सोसायटीची भिंत आपला रंग त्यात मिसळते तो वेगळा. सर्वांत गुणी उजेड पावसाळ्यातल्या ढगाळ सकाळचा: मऊ, साधारण ६५०० केल्विन, आणि वर्णपट सलग. फक्त ढग हलतात. पहिला फोटो आणि दहावा फोटो जुळत नाहीत. एखाद-दुसऱ्या नाण्यासाठी खिडकी वापरा, अख्ख्या संग्रहासाठी दिवा.

कोन

दिवा खाली, टेबलाच्या पातळीला ठेवला की नक्षी उठून दिसते, अक्षरं खणखणीत वाचता येतात, आणि रंग मरतो. मोकळा भाग काळा पडतो, कडा पांढऱ्याफटक होतात. कारण वर सांगितलंच, उजेड नाण्यावरून उडून पलीकडे जातो, लेन्सकडे येतच नाही. रंग हवा असेल तर दिवे वर चढवा, लेन्सच्या जितके जवळ जातील तितके. घड्याळात दहा आणि दोन वाजता काटे असतात तिथे दोन दिवे, टेबलापासून साठ-सत्तर अंशांवर, ही माझी सुरुवातीची जागा. यासाठी लेन्स नाण्यापासून लांब हवी, म्हणून कॅमेऱ्यावर १०० मिलिमीटरची मॅक्रो (बारीक वस्तू मोठी टिपणारी लेन्स) बरी पडते आणि फोनवर टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी). फोन नाण्यावर अगदी ओणवा केला की त्याचीच काळी सावली नाण्यात दिसते.

बल्ब उघडा ठेवायचा की झाकायचा हे नाण्यावर ठरतं. टकसाळीतून आल्यासारखी चकाकी असलेल्या रुपयावर उघडा छोटा दिवा ठेवा, चकाकीचा पंखा फिरताना दिसतो. घासलेल्या, चापट झालेल्या तांब्यावर मात्र उजेड मोठा आणि मऊ हवा. ट्रेसिंग पेपरची गुंडाळी करून नाण्याभोवती उभी केली आणि बाहेरून दिवे लावले की नाण्याला चारही बाजूंनी पांढरंच दिसतं. रंग पुरेपूर येतो, नक्षी थोडी सपाट होते. शिवराईवरचं "श्री राजा शिव" वाचायचं असेल तर एका बाजूचा कागद थोडा फाकवा. काही जण रंगासाठी एक फोटो आणि नक्षीसाठी एक असे दोन काढतात. मला ते पटतं, पण भाऊजींना एकाच फोटोत सगळं हवं असतं, त्यामुळे आमचा कागद नेहमी थोडा फाकलेला.

ट्रेसिंग पेपर कालांतराने पिवळा पडतो. नवा आणि जुना एकत्र वापरू नका.

रिफ्लेक्शन घालवायला लेन्सवर पोलरायझर (चमक गाळणारी काच) लावा असं कोणी सांगेल. धातूवर नुसत्या पोलरायझरचा काही उपयोग होत नाही. दिव्यावरही तशीच फिल्म लावून दोन्ही एकमेकांना आडवी फिरवलीत तर चमक जाते खरी, पण तिच्याबरोबर धातूपणही जातं आणि रुपया सिमेंटचा वाटतो.

कॅमेऱ्याला पांढरं दाखवा, पण कागदाचं नको

ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं काय हे कॅमेऱ्याने आपलं आपण ठरवणं, बंद. शिवराईने फ्रेम भरली की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच तांबडा आहे, आणि तो त्यात निळा ओततो. पांढरं काय ते कॅमेऱ्याला स्वतः दाखवा (कस्टम) किंवा रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने रंग न बदललेल्या मूळ फाइलमध्ये, काढून नंतर ठरवा, पण संदर्भासाठी काहीतरी पांढरं-राखाडी त्याच दिव्याखाली, त्याच ट्रेसिंग पेपरच्या आत, नाण्याच्याच जागी ठेवून एक फोटो घ्या.

झेरॉक्सचा कागद त्यासाठी वापरू नका. तो पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात नीळ दिल्यासारखी रसायनं घालतात. ती अतिनील उजेड शोषून निळा सोडतात. खिडकीच्या किंवा फ्लॅशच्या उजेडात हा कागद निळसर असतो, कॅमेरा त्यालाच पांढरं समजतो, आणि चांदीचा रुपया हळद लागल्यासारखा येतो. छपाईत या कागदांनी आम्हाला खूप छळलंय. फोटोग्राफीचं ग्रे कार्ड घ्या. तेही नको असेल तर प्लंबरची टेफ्लॉन टेप आणा, नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती. काचेच्या तुकड्यावर तिचे दहा-बारा थर सुरकुत्या न पाडता एकावर एक द्या. टेफ्लॉन दृश्य उजेडातले सगळे रंग जवळजवळ सारखेच परत करतो, आणि वीस-तीस रुपयांच्या आत काम होतं. धूळ बसली की वरचा थर बदलायचा.

नाण्यावरच व्हाइट बॅलन्स करू नका, चांदीच्यासुद्धा नाही. १९३९ पर्यंतच्या ब्रिटिश रुपयात ९१.७ टक्के चांदी होती, १९४० पासून ती ५० टक्क्यांवर आली आणि बाकी तांबं, निकेल, जस्त. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा. तिघं शेजारी ठेवा: पहिला किंचित उबदार, शेवटचा करडा-थंड. प्रत्येकाला "पांढरा" ठरवलंत तर तिघेही एकसारखे येतील आणि फोटोतून जी गोष्ट कळायला हवी तीच पुसली जाईल.

आता गाजराची गोष्ट. एका विक्रेत्याने पाठवलेला शिवराईचा फोटो दाखवत भाऊजी म्हणाले, "वहिनी, ही शिवराई आहे की गाजर?" दिवा बहुतेक ठीकच होता. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतलेला उजेड, जास्त झालं होतं. तांब्याच्या फोटोत लाल चॅनेल बाकी दोघांच्या खूप आधी भरतो. तो छपराला टेकला की पुढे वाढतो फक्त हिरवा, आणि लाल-तपकिरीचा नारिंगी, नारिंगीचा पिवळा होत जातो. म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघताना तिन्ही रंगांचा एकत्र पाहू नका, लाल-हिरवा-निळा वेगळे दाखवणारा लावा आणि लालचं टोक उजव्या भिंतीला टेकू देऊ नका. फोटो जरा काळपट आला तरी चालेल, उचलता येतो. फोनवर प्रो मोड लावा, रॉ असेल तर रॉ. फोनचं स्वतःचं "सुंदर करणं" तांब्याला फार महागात पडतं.

शटरबद्दल थोडक्यात: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि फोटोत आडवे पट्टे येतात, पट्ट्यांचा रंगही वेगळा असू शकतो. फोनचा कॅमेरा दिव्यावर धरून शटर वेगवान केला की लुकलुक लगेच दिसते. दिवा बदलता येत नसेल तर शटर १/५० किंवा त्याहून हळू, १/१०, १/५ असा ठेवा. त्यासाठी स्टँड लागेलच. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी डार्करूमच्या एनलार्जरचा खांब दिसला तर घासाघीस करून उचला, कॅमेरा खाली तोंड करून धरायला त्याच्यासारखं काही नाही.

रंग चढलेली चांदी

वर्षानुवर्षं कागदाच्या पुडीत किंवा ट्रंकेत पडलेल्या रुपयावर कधी कधी निळी, जांभळी, सोनेरी झाक येते. हवेतल्या गंधकाने चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि त्या थराच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो: आधी पिवळसर, मग किरमिजी, मग निळा. असा रुपया हातात घेऊन हलवला की रंग पेटतो आणि विझतो. फोटोत बहुधा विझलेलाच येतो, नुसता काळपट डाग. कारण हा रंग फक्त सरळ परावर्तनात दिसतो आणि दोन बाजूंच्या दिव्यांचं परावर्तन मोकळ्या सपाट भागावरून लेन्सकडे येत नाही.

याला उपाय काचेचा. फोटोफ्रेमची पातळ, दोन मिलिमीटरची स्वच्छ काच लेन्स आणि नाणं यांच्यामध्ये ४५ अंशांत तिरकी अडकवा. दिवा बाजूने, आडवा, काचेवर पडेल असा. काच त्यातला थोडा उजेड खाली नाण्यावर वळवते, नाणं तो सरळ वर पाठवतं आणि काचेतूनच तो लेन्समध्ये येतो. काचेच्या पलीकडे काळा कागद उभा करा, नाहीतर आरपार गेलेला उजेड भिंतीवर आपटून परत येतो. दिव्याचा उजेड थेट लेन्सवर किंवा थेट नाण्यावर पडणार नाही असा एक पुठ्ठाही मधे हवा. काच उजेडाचा जेमतेम दहावा हिस्सा वळवते, तेव्हा शटर बराच वेळ उघडा ठेवावा लागेल. जाड काच घेऊ नका, तिच्यात हिरवट झाक असते आणि फोटोही हलल्यासारखा होतो. महागडी बिनचमकीची काच तर मुळीच नको, आपल्याला तिची चमकच हवी आहे.

व्हाइट बॅलन्स या रचनेत पुन्हा घ्या. टेफ्लॉन इथे नाण्यापेक्षा खूप काळं दिसेल, कारण ते उजेड विखरतं आणि नाणं सरळ परत पाठवतं. घाबरू नका, फक्त त्या एका फोटोपुरतं एक्स्पोजर वाढवा. आणि इथेच चांगल्या दिव्याचे पैसे वसूल होतात: निळ्या-हिरव्यामध्ये खड्डा असलेल्या बल्बखाली मोरपंखी झाक नुसती करडी येते.

सपाट, झिजलेल्या रुपयावर ही रचना फार सुंदर काम करते. खोल ठशाच्या अंकुशी (अंकुशाची खूण असलेल्या मराठाकालीन) रुपयावर तेवढी नाही, तिथे दहा-दोनचे दिवेच बरे.

जुळवून पाहताना

फोटो स्क्रीनवर आणि नाणं हातात, अशी तुलना करताना नाणं त्याच दिव्याखाली, त्याच कोनात धरा. ट्यूबखाली धरून "रंग जुळत नाही" म्हणण्यात अर्थ नाही. स्क्रीनचा नाइट मोड बंद आहे ना पाहा, संध्याकाळी तो गुपचूप चालू होतो. डोळा निवलेला हवा, उन्हातून आल्या आल्या बसू नका. आणि नाणं फोटोसाठी म्हणून चिंच-मीठ लावून उजळू नका. भाऊजींच्या एका मित्रांनी आणलेली दुदांडी (दोन आडव्या रेघा असलेली) शिवराई अशीच घासून लख्ख केलेली होती. तिचा रंग मी अगदी बरोबर पकडला, तेही तक्रार न करता घेऊन गेले, पण तो आता दोनशे वर्षांच्या नाण्याचा रंग नव्हता.

पूर्ण संग्रह करायला बसलात तर धातूप्रमाणे गठ्ठे पाडा: आधी सगळं तांबं, मग चांदी, मग निकेल-पितळ. दिवे लावून दहा-पंधरा मिनिटं तापू द्या, सुरुवातीला त्यांचा रंग किंचित सरकतो. प्रत्येक गठ्ठ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी टेफ्लॉनचा एक फोटो घ्या. दोन्हींत फरक दिसला तर मधे कोणीतरी दार उघडलंय किंवा बाहेरची ट्यूब लावली आहे, तेवढा गठ्ठा पुन्हा काढावा लागेल. आमच्याकडे दाराला आतून कडी असते आणि चहा काम झाल्यावर.